दारावरची पाटी डागताना : वूड बर्निंग पेन हातात बसेपर्यंत

बहिणीने ऐरोलीला फ्लॅट घेतला आणि घराचं नाव ठेवलं ‘प्राजक्त’. पाटी मी करते, असं फोनवर बोलून बसले तेव्हा वूड बर्निंग पेन घरात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. पहिल्या पाटीवर ‘प्रा’चा काना संपतो तिथे मी विचार करायला थांबले आणि वाटाण्याएवढा काळा ठिपका पडला. दुसरीवर आच वाढवून पाहिली, तर अक्षरांच्या कडेने करपट तांबूस झाक पसरली. दाराला लागली ती तिसरी पाटी. मधल्या तीन महिन्यांत ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या चिमुकल्या बाल्कनीत बसून जे हाती लागलं, ते क्रमाने सांगते.

हे पेन शाई सोडत नाही, लाकूड भाजतं. तव्यावर पोळी टाकून फोन घ्यायला गेलं की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथेही हिशोब तोच, फक्त सेकंदांचा. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकूड तपकिरी पडायला लागतं, आणखी तापलं की कोळसा. रेषा किती गडद येणार हे आचेपेक्षाही टोक एका जागी किती वेळ टेकलंय यावर ठरतं. नवशिका हात मात्र आधी आच वाढवतो आणि मग पेन दाबतो. दाबल्याने रेषा काळी होत नाही, खोल आणि वाकडी होते. म्हणून पुढे जिथे ‘सावकाश’ म्हणेन, तिथे खरोखर सावकाशच समजा.

पेटीत काय असतं

बहुउपयोगी म्हणून विकला जाणारा संच म्हणजे तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नच्या चुलत भावंडासारखं एक पेन, आच कमी-जास्त करायची चकती आणि स्क्रूसारखी फिरवून बसवायची पितळी टोकं. टोकांना दुकानात टिप किंवा निब म्हणतात. पेटी उघडल्यावर वीस-पंचवीस टिपा बघून हरखून जायला होतं, पण रोजच्या कामाला चारच लागतात. पाचरीसारखी तिरकी धार असलेली (तिला युनिव्हर्सल म्हणतात) सरळ रेघांसाठी, निमुळती शंकूसारखी बारीक कामाला, बोथट गोल टोकाची ठिपके आणि वळणांना आणि चपटी शेडिंगसाठी. फुलापानांचे शिक्केही असतात. मुलांना ते फार आवडतात, पण सगळी फुलं एकाच साच्यातली निघतात. त्याशिवाय चित्र उतरवायची गोल चपटी टिप, सोल्डरिंगची टिप आणि छोटं पातं धरणारा होल्डर. त्यांच्याकडे पुढे येऊ.

दुसरा प्रकार तारेच्या निबचा. त्यात वेगळा डबा असतो आणि टोकाची नायक्रोमची बारीक तार स्वतःच तापते. काही सेकंदांत तापते आणि लगेच निवतेही. माणसांचे चेहरे, पक्ष्यांची पिसं असलं नाजूक काम त्यावर जास्त चांगलं होतं. महाग असतं, आणि त्यावर सोल्डरिंग किंवा कापणं जमत नाही. हात बसेपर्यंत पितळी टिपवालं पुरे.

एक ताकीद. अमेरिकेहून येणाऱ्या मावशीला हे पेन आणायला सांगू नका. तिथली उपकरणं १२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ते पेन आपल्या सॉकेटला लावलं की ठरलेल्यापेक्षा साडेतीन पटींहून जास्त तापणार आणि काही मिनिटांत राम म्हणणार. प्लगवर लावायचा छोटा कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. खोक्यावर २२०–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. बिलाची काळजी मात्र नको. ६० वॉटचं पेन सोळा-सतरा तास चाललं की कुठे एक युनिट होतं.

बसायची जागा

खाली फरशीचा उरलेला तुकडा किंवा सिरॅमिक टाइल ठेवा. पेनासोबत येणारा तारेचा स्टँड हलका असतो, वायरचा झोल लागला की पेनासकट उलटतो. मी तो टाइलला दोन बाजूंनी चिकटपट्टीने जखडलाय. वायर उजव्या हाताच्या मागून जाऊ द्या, मांडीवरून नाही. पेन तापलेलं असताना दाराची बेल वाजली, तर आधी स्विच बंद करायचा आणि मग उठायचं.

धुराचा प्रश्न ठाण्यातल्या घरात जास्त, कारण बाल्कनी म्हणजे चार बाय सहाची. माझ्या पहिल्याच दिवशी शेजारच्या काकूंनी ग्रिलमधून डोकं काढून विचारलं, “अगं, काही करपलं का?”

“नाही काकू, लाकूड डागतेय.”

“बरं बाई. मला वाटलं दूध.”

टेबलफॅन कामाकडे तोंड करून लावला की धूर तोंडावर येतो आणि टिपही गार पडते. तो उलटा ठेवा. तोंड खिडकीबाहेर, पाठ कामाकडे, म्हणजे धूर ओढून बाहेर टाकेल. एन-९५ मास्क धुरातले बारीक कण अडवतो, वायू अडवत नाही, त्यामुळे मास्क लावला तरी खिडकी उघडी हवीच. डोकंही कामाच्या अगदी वर आणू नका. धूर सरळ वर येतो आणि अर्ध्या तासाने डोळे चुरचुरायला लागतात.

लाकूड

निम्मं यश इथे आहे, म्हणून जरा वेळ घेते. लाकूड फिकट हवं, म्हणजे छटा दिसतात. शिरा बारीक आणि एकसारख्या हव्यात, म्हणजे टोक अडखळत नाही. परदेशी व्हिडिओंत सगळे बासवूड आणि बर्चवर काम करतात. आपल्याला वखारीत जाऊन विचारावं लागतं. मी विचारलं तेव्हाचा संवाद असा :

“काका, शिवणीची फळी मिळेल? दीड फूट.”

“कशाला हवी?”

“दारावरची पाटी करायचीय.”

“मग सागवान घ्या ना ताई. शिवण कोण लावतं दाराला?”

त्यांचं म्हणणं दारापुरतं खरं आहे, पेनापुरतं नाही. सागवान मुळातच तपकिरी आणि तेलकट, त्यामुळे हलक्या छटा त्यात बुडून जातात. ठळक अक्षरं काढायची असतील तरच ते घ्यावं. शिवण फिकट, हलकी आणि फारशी न वाकणारी. माझं सगळ्यात आवडतं लाकूड तेच. हेदू मिळालं तर सोडू नका, पिवळसर आणि अगदी एकसारख्या पोताचं असतं. आंब्याचं लाकूड स्वस्त, सरावाला ठीक. पांगारा इतका मऊ की पेन त्यात रुततं. शिसव तर काळंच, त्यावर काय दिसणार?

पाइनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवी मुंबईत ते फुकटात मिळतं. जवळच न्हावा-शेवाचं बंदर, त्यामुळे तुर्भे, तळोजा भागात माल उतरवल्यावर पॅलेटचे, म्हणजे माल ठेवायच्या पाइनच्या लाकडी चौकटींचे, ढीग पडलेले असतात. हौशी मंडळी त्यातल्या फळ्या उचलून आणतात. आणण्याआधी पॅलेटवरचा शिक्का बघा. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाचा संकेत आणि शेवटी दोन अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते तिथेच राहू द्या. शिक्काच नसेल तरीही राहू द्या. आणि एचटी असलं तरी त्या पॅलेटवर वाटेत काय सांडलं हे शिक्का सांगत नाही, म्हणून डाग पडलेली फळी नकोच.

चांगला पाइनही सोपा नसतो. त्यात एक मऊ आणि एक कडक पट्टा असे आलटून पालटून येतात. मऊ पट्ट्यात रेषा जाड काळी, कडक पट्ट्यावर फिकट बारीक. वर राळ वितळून टिपेला चिकटते. माझी दुसरी पाटी पाइनचीच होती.

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), प्लायवूड, लॅमिनेट, रंगवलेलं किंवा वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड यांवर पेन टेकवू नका. पहिल्या दोघांत डिंक असतो आणि तो तापला की फॉर्मल्डिहाइडसारखे वायू सुटतात. औषध मारलेल्या लाकडात काही वेळा आर्सेनिकही असतं. क्राफ्टच्या दुकानांत एमडीएफचे गोल, चौकोन, गणपतीचे आकार ढीगभर मिळतात. ते रंगवायला छान, डागायला नाही.

आणि पावसाळा. जूनपासून आपल्याकडे दारं फुगतात तसंच फळीही ओल धरते. ओलं लाकूड ओळखायला सोपं, टिप टेकवली की ‘चर्र’ असा बारीक आवाज येतो आणि रेषेच्या कडा पसरतात. फळी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर दोन-तीन आठवडे राहू द्या. घाईत उन्हात ठेवली तर वाकते.

घासणं आणि नक्षी उतरवणं

पॉलिश पेपर १२० नंबरने सुरुवात, मग १८०, मग २२०. नेहमी शिरांच्या दिशेने घासायचं, आडवं नाही. नंतर ओल्या फडक्याने फळी हलकेच पुसा. वाळली की हाताला खरखर लागेल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू उभे राहिले. आता ३२० नंबरने ते कापून काढा. ही पायरी गाळली की बारीक रेघ मारताना टिप तंतूंत अडखळते. फळी टांगायची असेल तर भोकंही आत्ताच पाडून घ्या. अक्षरं झाल्यावर ड्रिल घसरलं तर रडू येतं.

नक्षी उतरवायला टायपिंगचा निळा कार्बन पेपर वापरू नका. तो मेणकट असतो, आचेने पसरतो आणि खोडतही नाही. कागदाच्या मागच्या बाजूला ६बी पेन्सिल आडवी धरून घासा, कागद फळीवर चिकटवा आणि वरून बॉलपेनने गिरवा. ग्रॅफाइटची फिकट रेघ उतरते. रेघ फिकटच ठेवा, कारण डागलेल्या रेषेखाली राहिलेलं ग्रॅफाइट नंतर खोडरबरने निघत नाही.

छापून थेट उतरवायचं असेल तर गोल चपटी टिप कामाला येते. त्यासाठी झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट हवा, कारण टोनर हा प्लॅस्टिकसारखा भुकटा असतो आणि आचेने मऊ होऊन लाकडाला धरतो. इंकजेटची शाई उतरत नाही. प्रिंट आरशातल्यासारखा उलटा काढून घ्यायचा, नाहीतर ‘प्राजक्त’ उलटं उमटेल. झेरॉक्सवाल्याला ‘मिरर करून द्या’ म्हटलं की कळतं. कागद पालथा, टिप सपाट धरून इस्त्रीसारखी फिरवायची, कोपरा उचलून बघत राहायचं. टोनर पुसला जात नाही, म्हणून त्याची प्रत्येक रेघ पेनाखाली झाकली जायला हवी. मला स्वतःला पेन्सिलच बरी वाटते.

सराव पट्टी : हे टाळू नका

पाटीच्याच फळीचा एक तुकडा कापून ठेवा. दुसऱ्या लाकडावरचा सराव या लाकडाला उपयोगी पडत नाही. टिप थंड असताना बोटांनी घट्ट बसवा, पकडीने पाव फेरा द्या, मग स्विच. पितळी टिपवालं पेन तापायला चार-पाच मिनिटं घेतं, आणि चकती फिरवली की नवी आच स्थिरावायला आणखी दोन. बहुतेक जण इथेच घाई करतात. फिकट येतंय म्हणून चकती वाढवतात, तेवढ्यात मागची आचही येऊन पोचते आणि सगळं काळं होतं.

चकती मध्याच्या खाली ठेवा. युनिव्हर्सल टिपची धार कडेने टेकवून स्वतःकडे ओढा. ढकलू नका, ओढा. एक रेघ ‘एक, दोन, तीन’ म्हणत, दुसरी पाचपर्यंत, तिसरी दहापर्यंत मोजत. एकाच आचेवर तीन वेगळे रंग मिळतात, चहाच्या पिवळटापासून कोळशापर्यंत. मग आच एक घर वाढवून तेच पुन्हा. प्रत्येक रेघेशेजारी पेन्सिलने चकतीचा आकडा आणि मोजणी लिहा. ही पट्टी म्हणजे त्या फळीची जन्मपत्रिका, काम चालू असताना शेजारी हवी.

आता ठिपक्याबद्दल. रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी गोळा येतो, कारण हात सुरू होण्याआधी टोक टेकतं आणि हात थांबल्यावर उठतं. उपाय असा, हात हवेतच चालू करायचा आणि चालत्या हाताने टोक खाली आणायचं, तसंच चालता चालताच उचलायचं. घार भक्ष्यावर झेप घेऊन न थांबता वर जाते, तसं. शिवाय नुसत्या हवेत असलेल्या टिपेत उष्णता साठते, म्हणून प्रत्येक रेघेआधी सराव पट्टीवर किंवा ओलसर फडक्यावर एकदा टेकवून घ्या. माझा वाटाण्याएवढा ठिपका या दोन गोष्टी माहीत नसल्याने पडला.

देवनागरी अक्षरं

रोमन अक्षरांवरचे सल्ले इथे अर्धेच चालतात, कारण आपल्याकडे शिरोरेघ आहे. आडव्या पाटीत लाकडाच्या शिराही आडव्याच असतात. शिरोरेघ त्यांना समांतर जाते आणि टिप सापडेल त्या मऊ शिरेत शिरून रुळावरून घसरते. उलट काने, दंड शिरांना आडवे छेदतात, तिथे प्रत्येक शिरेवर हाताला बारीक धक्का बसतो. दोन्हींना दोन युक्त्या.

शिरोरेघ सगळ्यात शेवटी घ्या, वहीत लिहितो तशीच. एका दमात नाही, बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत. आधी कटरच्या पात्याने पट्टी लावून अगदी हलकी चीर द्या, म्हणजे धारेला चालायला चर मिळते आणि शेजारची शीर तिला ओढत नाही. धातूची पट्टी लावून थेट पेन फिरवायचा मोह होतो, पण पट्टी उष्णता खाते आणि रेघ मध्येच फिकी पडते. काने मात्र वरून खाली, एकसारख्या वेगात. धक्का बसला तरी थांबायचं नाही. फिकट राहिलेली जागा दुसऱ्या फेरीत भरा. दोन हलक्या फेऱ्या एका जड फेरीपेक्षा नेहमी स्वच्छ दिसतात.

जोडाक्षरं जपून. ‘क्त’मधल्या ‘क’चं पोट, ‘ळ’च्या दोन गाठी, ‘क्ष’ची आतली जागा, ही पोकळी पेन्सिलने काढताना पुरेशी वाटते आणि डागताना भरून जाते, कारण रेषा पेन्सिलपेक्षा जाड येते आणि कडेला थोडी झाकही सुटते. अक्षर दोन इंचांहून लहान असेल तर आतली पोकळी मुद्दाम मोठी काढा. गोलाईला शंकू टिप घ्या आणि मनगट न वळवता दुसऱ्या हाताने फळीच फिरवा. कुंभाराचं चाक आठवा.

अक्षर पोकळ ठेवून भोवतालची जमीन गडद करायची पद्धतही आहे. फार देखणी दिसते, पण दीड फुटाच्या पाटीला तीन-चार संध्याकाळी जातात आणि बोटं आखडतात.

छटा आणि कडेची नक्षी

शेडिंगला चपटी टिप, आच सरावातल्या सगळ्यात कमी आकड्यावर. छोट्या छोट्या गोलाकार फिरक्या घ्या, दाताला ब्रश करतो तशा. गडद बाजूकडून फिकट बाजूकडे जाताना हळूहळू टिप उचलत न्यायची. प्राजक्ताच्या फुलात मी पाकळ्या जवळजवळ कोऱ्याच ठेवल्या, फक्त देठाकडे हलकी झाक. देठाचा केशरी रंग नंतर जलरंगाने भरला. रंग नेहमी डागून झाल्यावर. रंगावर पेन टेकवलं की रंग जळून धूर होतो.

कडेला काय काढावं यावर माझं मत ठाम आहे, पहिल्या कामाला वारली. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की धड, वर गोल डोकं, हातपाय साध्या रेघा. शेडिंग नाही, आणि पाचरी टिपेच्या धारेला त्रिकोण जणू पाठच असतो. शिवाय ही कला इथलीच. डहाणू, तलासरी, जव्हार हा सगळा मुलूख २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते डहाणूजवळच्या गंजाडचे. मूळ चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, म्हणजे गडदावर पांढरं. आपल्याकडे उलटं, फिकटावर काळं. त्यामुळे भरलेले त्रिकोण जड दिसतात. मी ते आडव्या रेघांनी अर्धवट भरते. तारपा नाच, झाडं, पक्षी काढा. लग्नाचा देवचौक तेवढा सोडते. तो लग्नघरात सुवासिनी विधी म्हणून काढतात, तो चहाच्या ट्रेवर बरा दिसत नाही.

चुकलं तर, आणि टिपांची निगा

फिकट चूक कोरड्या पॉलिश पेपरने निघते. खोल असेल तर कटरचं पातं उभं धरून हलकेच खरवडा, पण खड्डा पडतो हे धरून चाला. वाटाण्याएवढा ठिपका पडला तर त्याचं फूल करा किंवा पक्षी. मी प्रयत्न केला होता, ‘प्रा’च्या कान्याला लोंबकळणारी चिमणी काही पटली नाही.

टिपेवर काजळी साचली की उष्णता लाकडापर्यंत पोचत नाही आणि आपण पुन्हा आच वाढवतो. दर दहा मिनिटांनी टिप जुन्या चहाच्या जाळीच्या गाळणीवर घासा. काम संपल्यावर, निवल्यावर, पितळी तारेचा ब्रश किंवा वापरून झिजलेला बारीक पॉलिश पेपर. कानस कधीही नाही, टिपेचा आकारच जातो.

तापलेली टिप बदलायची नाही. भाजतं म्हणून तर नाहीच, पण पितळ तापलं की मऊ होतं आणि पकडीने पिळलं की आटे जातात. माझ्या पहिल्या पेनाची शंकू टिप अशीच आत मोडून बसली. वीस मिनिटं थांबायचा कंटाळा केला आणि नवं पेन घ्यावं लागलं.

बोट भाजलं तर लगेच नळाच्या साध्या गार पाण्याखाली, तब्बल वीस मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळदही नाही. फोड आला तर फोडू नका.

वरचा हात

पॉलिशआधी काजळीची भुकटी मऊ ब्रशने झाडा. फडक्याने पुसली तर फिकट जागांवर राखाडी ओघळ येतात, आणि ते घासूनही पूर्ण जात नाहीत. घराच्या आतल्या वस्तूला सुतार वापरतात ते चपड्या लाखेचं स्पिरिट पॉलिश चालतं, थोडी पिवळसर झाक येते. दारावरच्या पाटीला पाण्याने डाग पडू नये म्हणून पारदर्शक पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन-तीन पातळ हात बरे. प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पेपर फिरवायचा. आधी सराव पट्टीवर लावून बघा, एखादं पॉलिश जलरंग ओढून नेतं. एकदा पॉलिश झालं की पुन्हा पेन लावायचं नाही, राहिलेलं राहिलं.

पोळपाट किंवा भाजी कापायच्या पाटावर नक्षी करायची असेल तर ती कडेला किंवा मागच्या बाजूला, सुरी चालते तिथे नको. वर पीयू नाही, खाण्याला चालणारं मिनरल ऑइल. खोबरेल लावू नका, ते सुकत नाही आणि पुढे खवट वास येऊ शकतो. जवसाचं तेल सुकतं आणि लाकडावर सुंदर दिसतं, पण त्याने भिजलेलं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना त्यात उष्णता तयार होते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. दोरीवर मोकळं पसरून वाळवा आणि मगच फेका.

लाकडाखेरीज

करवंटीवर पेन फार छान चालतं. आधी काथ्या खरवडून १२० नंबरने घासा. कडक असते, त्यामुळे आच थोडी जास्त आणि शंकू टिप. चामड्यावर करायचं तर बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलंच घ्या, कोल्हापुरी चपलेला असतं तसं, आणि आच अगदी कमी. क्रोमने कमावलेलं मऊ पर्सचं चामडं डागू नये, त्याचा धूर अपायकारक. रेक्झिन हे पीव्हीसी असतं, त्यातून आम्लाचा धूर येतो, म्हणजे तेही नाही.

पात्याच्या होल्डरचा सगळ्यात चांगला उपयोग सॅटिनच्या फिती कापायला. कडा कापता कापताच वितळून बसतात, सुतं निघत नाहीत. रांगोळीचे स्टेन्सिलही करता येतात. नक्षीचा कागद काचेखाली, काचेवर ओएचपी शीट (पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद) चिकटपट्टीने बसवायची आणि कमी आचेवर शंकू टिप फिरवायची. आतला भाग गळून पडू नये म्हणून मध्ये मध्ये पाव इंचाचे पूल सोडा. कडेला जी वितळलेली फुगीर किनार येते ती वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे शीट जमिनीला सपाट बसते. थर्माकोलही या पात्याने लोण्यासारखा कापला जातो, पण त्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि धूर तर मुळीच घेण्यासारखा नाही.

सोल्डरिंगची टिप आकाशकंदिलाच्या एलईडी माळेची तुटलेली तार जोडायला उपयोगी पडते. नेहमीच्या सोल्डर तारेत शिसं असतं, म्हणून ती टिप वेगळ्या डबीत ठेवा, लाकडावर परत आणू नका, आणि काम झाल्यावर हात धुवा.

पाटी लावताना

ऐरोलीच्या घराचं दार खाडीच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. पाटी घेऊन गेले तेव्हा भावोजी डब्यातले लोखंडी स्क्रू काढून बसले होते. दमट हवेत लोखंड गंजतं, आणि गंज लाकडाला लागला की भोकाभोवती निळसर काळा डाग उतरतो. आमच्या पहिल्या पाटीच्या ठिपक्याहून वाईट. पितळी स्क्रू घ्या, लांबी फळीच्या जाडीपेक्षा इंचभर जास्त. पाटी आणि भिंत यांच्यामध्ये रबराचे दोन वॉशर बसवा, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल थेट लाकडात येत नाही. बाहेरून ऊन येत असेल तर हलक्या छटा वर्षा-दोन वर्षांत फिकट होतात, म्हणून उन्हाच्या दारासाठी सगळं एक घर गडदच डागा.